नव्या बिऱ्हाडाची बेगमी



नव्या घरात राहायला गेलो की आपण वास्तुशांत करतो, दूध उतू घालतो, दारावर नावाची पाटी लावतो. आम्हीही हे सारे यथासांग केले. गॅस आणि वीज कोठून बंद करायची, एवढे पाहायचे मात्र राहून गेले. त्याचीच हकीकत आधी सांगतो.

नव्या जागेतली ती चौथी रात्र. पहाटे आमच्या आत्याबाई पाणी प्यायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशीच थबकल्या. गॅसचा वास येत होता. त्यांच्या हाकेने आम्ही धावत गेलो आणि सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. "अरे, दिवा लावू नकोस!" आत्याबाई ओरडल्या. बटणातली बारीकशी ठिणगीही अशा वेळी पुरते, हे आम्ही वाचलेले होते. पण वाचलेले हातापर्यंत पोचलेले नव्हते. सिलिंडरपुढे भांड्यांची खोकी आणि खिडकीपुढे न सोडलेली गाठोडी! अंधारात ती बाजूला सारून रेग्युलेटर बंद करीपर्यंत आणि खिडकी उघडीपर्यंत आमचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करावी.

पुढे विचार करता आमच्या ध्यानात आले की, जुन्या वाड्यात असे झाले नसते. तिथे कंदील कोणत्या कोनाड्यात, जिन्याची कितवी पायरी झिजलेली, रात्री-अपरात्री कोणाचे दार ठोठवायचे, हे सारे तीस वर्षांत अंगवळणी पडले होते. सामान ट्रकमधून आले. ही ओळख मात्र मागे राहिली. नव्या घरात पहिली बेगमी करायची ती या ओळखीची.

कोणी म्हणेल, नव्या वास्तूत असे अभद्र कशाला बोलावे? पण कोकणातली गृहिणी पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करते, तेव्हा ती काही पावसाला शाप देत नसते. आणि संकट तर पावसासारखे सांगून येत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला तो उजाडण्यापूर्वी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली तीही पहाटेच्या अंधारात, गणपती विसर्जन करून माणसे निजली असताना. अशा वेळी विचार करायला सवड नसते. हाताला जे ठाऊक, तेवढेच उपयोगी पडते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने, मुलांनी आणि म्हाताऱ्यांनीसुद्धा, विजेचा मेन स्विच, पाण्याची तोटी आणि गॅसचा रेग्युलेटर स्वतः बंद करून पाहावा. सिलिंडरमधला गॅस हवेहून जड; तो जमिनीलगत साचतो. वास आला तर कोणतेही बटण चालू करू नये, बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकाला कळवावे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. शेगडी बंद करून झाकण घालावे. जमीन हादरू लागली तर भक्कम टेबलाखाली बसावे आणि हादरे थांबल्यावर जिन्याने उतरावे, लिफ्टने नव्हे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणे फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. पुरात घर गेले, तर ते आपले होते हे सांगणारा कागद तरी हाती हवा. खरेदीखत, रेशनकार्ड, बँकेची पुस्तके, औषधांची चिठ्ठी यांच्या नकला मेणकापडात बांधून एका पिशवीत ठेवाव्यात. तिच्यातच विजेरी, नेहमीची औषधे आणि थोडी रोकड असावी. पिण्याचे पाणी दोन-तीन दिवस पुरेल इतके भरलेले असावे.

आणि घरातली माणसे त्या वेळी घरातच असतील असे कोणी सांगावे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मुंबईकरांना त्या रात्री घर गाठता आले नाही. तेव्हा कोठे भेटायचे आणि परगावच्या कोणत्या नातलगाला निरोप द्यायचा, हे आधीच ठरलेले असावे. तो क्रमांक आणि मदतीचा ११२ हे दोन्ही मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत. मोबाइलची बॅटरी संपली म्हणजे त्यातले सारे नंबर असून नसून सारखेच.

शेवटची गोष्ट शेजाऱ्याची. आत्याबाईंना चालायला काठी लागते. आम्ही घरी नसलो तर त्यांना खाली कोण आणील? त्या पहाटेनंतर आम्ही समोरचे दार ठोठावले, ओळख करून घेतली आणि एक किल्ली त्यांच्याकडे ठेवली. त्यांनीही आपली किल्ली आमच्याकडे दिली. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

आज घरी गेल्यावर एकच करावे: दिवे मालवून आपल्या मेन स्विचपर्यंत चालत जाऊन पाहावे.