वजन कोणासाठी उतरवायचं?



वजन उतरवायला निघालेल्या बायकांपैकी नेमकं कोणाचं उतरतं? आणि उतरलेलं टिकतं कोणाचं? लोक म्हणतात, जिचा निग्रह मोठा तिचं. मला हे मुळीच पटत नाही. फर्स्ट शिफ्टचा डबा करायला पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईला निग्रह कोणी शिकवायचा?

१९९७ साली अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ६० लठ्ठ स्त्रियांना विचारलं, किती उतरवायचंय? सरासरी उत्तर आलं, वजनाच्या ३२ टक्के. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरलं होतं. पण 'एवढ्यावर थांबलं तर निराशा होईल' असा जो आकडा त्यांनीच सांगितला होता, तिथवरही जवळजवळ निम्म्या जणी पोचल्या नव्हत्या. सोळा किलो ही केवढी कमाई, आणि पदरी पडली निराशाच! निराश झालेलं माणूस सोडून देतं.

लिस्बनच्या पेद्रो तैशैरा यांच्या संशोधक गटाला दिसलं, की आधी बरीच डाएटं करून बसलेल्या स्त्रियांचं वजन कमी उतरतं. व्यायाम आपल्याला जमेल अशी खात्री असलेल्यांचं जास्त. पुढे त्यांनी स्त्रियांच्या आणखी एका गटाला वर्षभर मार्गदर्शन केलं आणि तीन वर्षांपर्यंत माग ठेवला. व्यायाम मनापासून पटलेल्या, आवडू लागलेल्या स्त्रियांचं उतरलेलं वजन जास्त टिकलं. 'भावाच्या लग्नात फोटो चांगले यायला हवेत', 'सासूबाई बोलतात' ही उसनी कारणं आहेत. लग्न उरकलं की ती संपतात.

शिवाय दिसण्यावर जाऊच नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो छापून आला. तेव्हा घरातला शिवणाचा टेप घ्या आणि कंबर मोजा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

आता आपल्या कासारवाडीकडे येते. रात्री नऊला बाई मुलांबरोबर जेवते. सेकंड शिफ्ट करून नवरा बाराच्या सुमारास नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरतो. त्याला एकट्याला कसं वाढायचं, म्हणून ती पुन्हा दोन घास घेते. पातेल्यातला भात टाकवत नाही, तोही तिच्याच पानात. डॉक्टरांनी विचारलं तर ती खरेपणानं सांगते, 'दोनदाच जेवते हो.' हे तिसरं जेवण तिनं जेवण म्हणून धरलेलंच नसतं.

म्हणून वही घाला. खाल्लेलं लिहून ठेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. चाखलेली आमटी लिहा, मुलाच्या ताटातली अर्धी पोळी लिहा. आणि बंधूंनो, रात्रीचा भात उरला तर सकाळी फोडणी द्यायला तुम्ही उठा. तेवढ्या अर्ध्या तासात ती चालून येईल.