मुले वयात येतात तेव्हा
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात किन्हवली येथे दिलेले भाषण)



ज्या विषयाची आपल्या घरांत कुजबुजही दाराआड होते, त्यावर बोलण्याची अनुज्ञा चालकांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

न्हाण आले म्हणजे मुलगी विवाहयोग्य झाली, ही समजूत जुनी आणि तिच्याशी महाराष्ट्राचे भांडणही जुने. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी नांदावयास नकार दिला, तेव्हा १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने 'नांदावयास जा, नाही तर सहा महिने कारावास' असे फर्माविले. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि त्याच बाई पुढे विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा झाले, तेही केवढ्या गदारोळानंतर! परंतु शरीर वयात येते ते कोणाच्या आज्ञेने, हे त्या वादातील कोणत्याच पक्षास ठाऊक नव्हते.

आज ते बरेचसे उमगले आहे. आपल्या बहुतेक पेशींत जनुकांचा संच तोच असतो. कोणते जनुक केव्हा जागे व्हावे आणि केव्हा निजावे, यातच सारे मर्म आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात 'किस-१' नावाचे जनुक आहे. (१९९६ साली अमेरिकेतील हर्शी गावी ते सापडले, तेथील चॉकलेटवरून हे नाव पडले. शास्त्रज्ञही मिष्टान्नप्रिय असतात!) त्यापासून होणारा 'किसपेप्टिन' हा पदार्थ पुढील ग्रंथींना चेतवितो. त्याचा निरोप स्वीकारणारी यंत्रणा बिघडलेली असेल, तर मूल वयातच येत नाही, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. उलट, 'एमकेआरएन-३' हे जनुक बालपणी लगामाचे काम करते. उंदरांत असे दिसले की, वयात येण्याच्या सुमारास त्याचे कार्य मंदावते. २०१३ मध्ये काही कुटुंबांत हा लगामच सदोष आढळला. तेथील मुले अकाली वयात येत होती. या जनुकाची पित्याकडून आलेली प्रतच तेवढी काम करते. मुलीला लवकर न्हाण आले की आपल्याकडे बोट आईच्या माहेराकडे वळते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अर्थात, पुष्कळ मुलींत असा कोणताही दोष सापडत नाही.

आता व्यवहाराचे बोलू. न्हाण हे पहिले लक्षण नव्हे; छातीची वाढ त्यापूर्वी सुमारे दोन वर्षे सुरू होते. ती आठ वर्षांच्या आत दिसली, अथवा मुलामध्ये नऊ वर्षांच्या आत पौरुषाची चिन्हे दिसली, तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टर गाठावा. जिवंत बालकाच्या मेंदूतील जनुकांचे कार्य पाहता येत नाही. म्हणून डॉक्टर डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवितात आणि रक्तातील संप्रेरके मोजतात. घराण्यात असेच घडत आले असेल, तर रक्तावरून जनुकाचीही परीक्षा होते. मुलग्यांत कधीकधी मेंदूत गाठ निघते. तेथे तर विलंब मुळीच नको.

अशी मुले आरंभी भराभर उंच होतात, आईबापही हरखतात; पण हाडांची टोके लवकर जुळून ती अखेर ठेंगणी राहतात. सात वर्षांची पोर अंगाने थोर दिसली तरी मनाने भातुकलीतच असते, आणि तिला जपावयाचे ते याचसाठी. यावर इंजेक्शने आहेत, दरमहा किंवा तीन महिन्यांनी घ्यावयाची. ती चालू असेतो हा क्रम थांबतो. योग्य वयात ती बंद केली की तो पुन्हा आपल्या गतीने सुरू होतो.