वेगाचा दंड कोणी भरायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महामार्गावर वाहनाने ताशी किती किलोमीटर धावावे, हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा आणि वाहतूक पोलिसांचा वाटतो. समाजवादी चळवळीच्या व्यासपीठावर त्याची चर्चा कशासाठी, अशी शंका येणेही स्वाभाविक आहे. परंतु रस्त्यावर मरतो कोण, याची नोंद पाहिली की ही शंका उरत नाही. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते-अपघातांत दगावली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. म्हणजे दर तिघा मृतांपैकी जवळजवळ दोघांच्या अंगाभोवती साधा पत्र्याचाही आडोसा नव्हता. कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघालेला कामगार, दुचाकीला किटल्या अडकवून दूध घालायला चाललेला शेतकरी, गावाच्या मधोमध गेलेला महामार्ग जीव मुठीत धरून ओलांडणारी शेतमजूर स्त्री, अशी ही माणसे आहेत.

वाहनाचा वेग दीडपट झाला की त्याच्या धडकेतील ऊर्जा सव्वादोनपट होते. हा निसर्गाचा नियम आहे आणि त्यावर कोणत्याही न्यायालयात अपील चालत नाही. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडू नये म्हणून कारखाना कायद्याने यंत्राभोवती कुंपण घालायला लावले. वेगमर्यादा हे त्याच जातीचे कुंपण आहे. ते दुबळ्याच्या रक्षणासाठी आहे. म्हणून वेगमर्यादा म्हणजे सरकारची कटकट, हा मोटारमालकांच्या बैठकीतला सूर श्रमिकांच्या पक्षाने उचलण्याचे कारण नाही.

तथापि कुंपण रास्त असले तरी त्याचा खर्च कोणाच्या माथी मारला जातो, हा प्रश्न उरतोच. गेल्या काही वर्षांतील दोन निर्णय शेजारी ठेवून पाहावेत. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून द्रुतगती मार्गांवर मोटारींची मर्यादा ताशी १०० वरून १२० किलोमीटर केली. मालमोटारींसाठी ती ८० ठेवली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली ही अधिसूचना रद्द ठरवली. तरीही ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, तो मोटारींना १२० ची मुभा देऊनच. दुसरा निर्णय दंडाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली पहिल्या गुन्ह्याला पूर्वी जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये झाला. सप्टेंबर २०१९ पासून ही दुरुस्ती देशात अमलात आली. महाराष्ट्र सरकारने प्रारंभी हात आखडता घेतला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वाढीव दंड लागू केले. मोटारवाल्याला वेगाची सवलत आणि मालमोटारीच्या चालकाला दंडाची वाढ, असा या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ होतो.

त्यातही एक ढोबळ अन्याय आहे. या कलमात मर्यादेपेक्षा किती अधिक वेग होता, याच्या पायऱ्याच नाहीत. ताशी ८० च्या मर्यादेत ८६ ने जाणारा आणि १३० ने उधळणारा, दोघांना किमान दंडाची पट्टी एकच. उतारावर क्षणभर काटा पुढे सरकणे आणि बेदरकारपणे माणसे चिरडायला निघणे, यांत कायद्याने फरक केला नाही तर लोकांच्या मनातून कायद्याचा आदर जातो. आणि आदर गेलेला नियम केवळ कॅमेऱ्याच्या बळावर टिकत नाही.

याचे धडधडीत उदाहरण फ्रान्सने घालून दिले आहे. एदुआर फिलिप हे पंतप्रधान असताना १ जुलै २०१८ पासून तेथील सरकारने दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरील मर्यादा ताशी ९० वरून ८० वर आणली. हे सुमारे चार लाख किलोमीटरचे रस्ते बहुतांशी ग्रामीण भागातले. निर्णय चुकीचा नव्हता. पहिल्या अठरा महिन्यांत या रस्त्यांवर सुमारे ३३० मृत्यू कमी झाल्याचे सरकारी तज्ज्ञसंस्थेच्या पाहणीत आढळले, आणि प्रवासाचा वेळ किलोमीटरमागे जेमतेम एक सेकंदाने वाढला. पण ज्या खेड्यांतून रेल्वेच्या फाट्या बंद झाल्या, टपाल कचेऱ्या आणि प्रसूतिगृहे दूर गेली, तेथल्या कष्टकऱ्याला मोटारीवाचून गत्यंतर नव्हते. पर्यायी बस नाही, रेल्वे नाही, वर इंधनावरचा कर वाढलेला आणि रस्त्यावर दंडाचा कॅमेरा उभा. सफाई कामगारालाही तोच दंड आणि कंपनीच्या संचालकालाही तोच. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘पिवळ्या जाकिटांचे’ आंदोलन पेटले, त्याचे तात्कालिक कारण इंधनकर होते; पण लोकांचा राग कॅमेऱ्यांवरही निघाला. जानेवारी २०१९ पर्यंत देशातील सुमारे ६० टक्के कॅमेरे मोडले वा निकामी केले गेल्याचे गृहमंत्र्यांना सांगावे लागले. डिसेंबर २०१९ च्या कायद्याने जिल्हा परिषदांना पुन्हा ९० ची मर्यादा लावण्याची मुभा दिली आणि अनेकांनी ती घेतली. जीव वाचवणारा नियम असा अर्धा मागे घ्यावा लागला, कारण त्याचे ओझे न्यायाने वाटले गेले नव्हते. अखेर १ जानेवारी २०२४ पासून मर्यादेपेक्षा ५ किलोमीटरहून कमी अधिक वेगासाठी परवान्यावरील गुण कापणे तेथे थांबवण्यात आले. दंड मात्र कायम ठेवला. हा शहाणपणा आधी सुचला असता तर बरे झाले असते.

फिनलंडने दुसरी वाट धरली. तेथे १९२१ पासून ‘दिन-दंडा’ची पद्धत आहे. किरकोळ अतिवेगाला ठरावीक रक्कम. पण मर्यादा ताशी २० किलोमीटरहून अधिक ओलांडली की दंड अपराध्याच्या उत्पन्नावरून ठरतो. नोकिया कंपनीच्या एका संचालकाला २००२ साली १ लाख १६ हजार युरो दंड झाला. उत्पन्न घटल्याचे दाखवल्यावर पुढे तो कमी करण्यात आला, हे खरे. परंतु दंड खिशाच्या खोलीप्रमाणे बोचला पाहिजे, हे तत्त्व अबाधित राहिले. दोन हजार रुपये एका घरात एका संध्याकाळच्या जेवणाचे बिल असते, तर दुसऱ्या घरात महिन्याच्या किराण्याचा मोठा हिस्सा. रक्कम समान म्हणून शिक्षा समान होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे यावे. उपरोक्त सरकारी अहवालात २०२२ मधील ७१.२ टक्के मृत्यूंच्या कारणाच्या रकान्यात ‘अतिवेग’ हा शब्द आहे. पण वेग का वाढला, असा रकानाच त्या नोंदीत नाही. नारायणगावहून टोमॅटो भरलेला टेम्पो पहाटेच्या लिलावाआधी वाशीच्या बाजारात पोहोचला नाही तर भाव पडतो. मालक खेपेवर पैसे देतो. उशीर झाला तर कापून घेतो. खाजगी बसच्या चालकाला मुंबईत पोहोचण्याची वेळ तिकिटावर छापून दिलेली असते. वाटेत घाट आहे, टोलनाका आहे, पाऊस आहे, याचा हिशेब त्या वेळेत नसतो. गाडीचा वेगवाढीचा पट्टा चालकाच्या पायाखाली असला तरी वेग ठरतो मालकाच्या कचेरीत. कॅमेरा मात्र फक्त गाडीच्या पाटीचे छायाचित्र घेतो. चलान मालकाच्या नावावर निघते. त्याने ते चालकाच्या पगारातून वळते करून घेतले, तर शासनयंत्रणेला त्याचा पत्ताही लागत नाही.

या परिस्थितीवरचा उपाय कायद्याच्या पुस्तकात आधीच छापलेला आहे, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. कलम १८३ हे वेगाने वाहन हाकणाऱ्याइतकेच आपल्या नोकराला तसे हाकायला लावणाऱ्यालाही दोषी धरते. त्याचे चौथे पोटकलम तर याहून पुढे जाते. वेगमर्यादा मोडल्यावाचून जो प्रवास ठरलेल्या वेळेत पुरा होणे व्यवहार्य नाही असे न्यायालयास वाटते, त्याचे वेळापत्रक काढणे किंवा तशी आज्ञा देणे हाच संबंधित इसमाच्या गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानावा, असे ते सांगते. तसेच १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाला आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा दिला. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आला. कलमांची उणीव नाही. ती मालकाविरुद्ध वापरण्याची इच्छा नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी ई-चलानच्या वसुलीविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या काही तक्रारी रास्त होत्या. चुकीची चलाने रद्द झालीच पाहिजेत. परंतु मालकांची मागणी आणि चालकांची मागणी एक नव्हे. मालकाला दंड नको आहे. चालकाला दंड भरावा लागू नये एवढे पुरेसे नाही. त्याला वेगाने धावण्याची सक्तीच नको आहे. मालकांच्या संपामागे चालकांनी फरफटत जावे, की चालकांच्या संघटनेने स्वतःची मागणी पुढे ठेवावी, हा खरा राजकीय प्रश्न आहे.

यासाठी चळवळीने चार गोष्टी धराव्यात. वस्तीतून जाणाऱ्या महामार्गांवर कमी वेगमर्यादेचा आग्रह धरावा आणि तो मोटारमालकांच्या दडपणाखाली सोडू नये. किरकोळ व गंभीर अतिवेग यांच्या दंडाच्या स्पष्ट पायऱ्या मागाव्यात, आणि गंभीर गुन्ह्याचा दंड उत्पन्नाशी जोडण्याची मागणी करावी. धंद्याच्या वाहनाचे चलान चालकाच्या मजुरीतून कापण्यास मनाई असावी. आणि मालतळांवर, बसथांब्यांवर, बाजार समित्यांच्या आवारात जाऊन अशक्य वेळांची वेळापत्रके व खेपांच्या चिठ्ठ्या गोळा कराव्यात. ज्या वेळा मर्यादा पाळून गाठता येत नाहीत, त्यांच्याबद्दल कलम १८३ (४) खाली लेखी तक्रारी दाखल कराव्यात.

हे शेवटचे काम सर्वांत कष्टाचे आहे. त्यात घोषणा कमी आणि कागद जास्त. चालक सहसा चिठ्ठी दाखवणार नाही, कारण त्याला उद्याची खेप हवी आहे. त्याचा विश्वास एका सभेत मिळणार नाही. परंतु एका जिल्ह्यात जरी एका मालकाला अशक्य वेळापत्रकाबद्दल न्यायालयात उभे राहावे लागले, तरी दुसऱ्या दिवशी त्या तळावरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा अर्ध्या तासाने पुढे सरकतील. त्या अर्ध्या तासात चालकाला चहा घेता येईल, डोळे मिटता येतील; आणि महामार्ग ओलांडणाऱ्या बाईला पलीकडे पोहोचता येईल.