चार्जिंगचं पिन नसलेला पतंग

पावसाळा आला की आपल्या ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. भिंतीवर वीतभर पसरलेले तांबूस पंख, आणि खाली मेसेज : ‘सापाच्या तोंडाचं विषारी फुलपाखरू, सावधान!’

तर हे फुलपाखरू नाही, पतंग आहे. नाव ॲटलस. त्याला विष नाही, तो चावत नाही. ओळखायची खूण सोपी : चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक त्रिकोण, आणि पुढच्या पंखांची टोकं सापाच्या डोक्यासारखी वळलेली. मिशा पिसासारख्या रुंद असल्या तर नर, अरुंद असल्या तर मादी.

त्याचं घर म्हणजे सह्याद्रीतलं ओलं जंगल. आमचा धाराशिव जिल्हा कोरडा. पण त्याच्या लांबच्या भावकीतला एक जण आमच्याकडं शेडमध्ये तुतीचा पाला खातो, तो म्हणजे रेशीमकिडा! ज्यांच्या घरी बॅच निघते त्यांना माहीतच आहे, पतंग कोष फोडून बाहेर आला की सलग धागा निघत नाही. म्हणून त्याला बाहेर येऊच देत नाहीत.

ॲटलस मात्र जंगलात बाहेर येतो. दीड-दोन आठवड्यांत अंड्यातून अळी निघते. ती पाला खाऊन बोटापेक्षा जाड होते, अंगावर पांढरी भुकटी. मग पानात कोष विणते आणि साधारण महिनाभरानं पतंग बाहेर पडतो.

आणि खरी गंमत इथं आहे. या पतंगाला खाण्यापुरतं तोंडच नसतं! समजा, फुल चार्ज केलेला मोबाईल हातात आला, पण त्याला चार्जिंगचं पिनच नाही. अळी असताना जे खाल्लं, त्यावरच एक-दोन आठवडे काढायचे. तेवढ्यात मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर मिशांनी तो हुंगत अंधारात तिला शोधतो.

आता विचार करा, त्या रात्री आपला अंगणातला एलईडी चालू आहे. नर त्याच्याभोवती फिरत राहतो, नाहीतर भिंतीला चिकटून बसतो. सकाळी आपण फोटो काढतो, पण त्याची एक रात्र गेलेली असते, बॅटरीही उतरलेली असते.

म्हणून कोकणात, घाटात फिरायला गेलात आणि हा दिसला, तर डबीत घालू नका, पंखांना हात लावू नका. पंख नीट दिसतील असा फोटो काढा, तारीख आणि ठिकाण टाकून आयनॅचरलिस्टवर चढवा. आणि लाईट बंद करा. पुढचं तो बघून घेईल.

भेटू पुढच्या भागात!