उघडे दार, उघडी वही

शमुवेल संदेष्ट्याने म्हातारपणी गिलगालात लोकांना उपदेश करण्याआधी स्वतःविरुद्ध साक्ष मागितली. कोणाचा बैल बळकावला असेल, कोणाकडून लाच घेतली असेल, तर परमेश्वरासमोर सांगा, असे त्याचे म्हणणे होते. एकानेही बोट दाखवले नाही. पण बैर-शेब्यात त्यानेच न्यायाधीश नेमलेले त्याचे दोन मुलगे लाच खात होते. ते त्याच्या तोंडावर सांगायला इस्राएलाच्या वडिलांना रामा येथे यावे लागले. हे दोन प्रसंग सहसा वेगवेगळे सांगितले जातात. ते एकत्र वाचायला हवेत. पुढाऱ्याचे हात स्वच्छ असले तरी त्याच्या कारभारावर कोणाची तरी नजर असावीच लागते.

पौलाने ही नजर आपणहून मागून घेतली. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांत वर्गणी जमत होती. ती आणण्यासाठी त्याने तीताबरोबर आणखी दोन बंधू करिंथास पाठवले. त्यांपैकी एकाची निवड मंडळ्यांनी केली होती, पौलाने नव्हे. सारे मर्म या तपशिलात आहे, कारण पुढाऱ्याने स्वतःच नेमलेला तपासनीस बहुधा त्याचाच माणूस असतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात पौल कारणही देतो. देवाला ठाऊक आहे एवढे त्याला पुरत नाही. व्यवहार माणसांनाही चोख दिसला पाहिजे.

मंडळ्यांचे पाळक, वडील आणि खजिनदार या परिषदेत एकत्र बसले आहेत. त्यांचे मनःपूर्वक स्वागत करताना स्वागत समितीला याच गोष्टीचा सर्वाधिक आनंद आहे. अर्पण मोजताना दोघे असावेत, वार्षिक हिशेब सर्व सभासदांपुढे वाचला जावा, पंचकमिटीत पाळकाचे नातलग नसावेत, हे नियम साधे आहेत. संकोच मोडणे तेवढे अवघड. 1948 साली कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो येथे बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैसा, परस्त्रीशी एकांत, स्थानिक मंडळ्यांवर टीका आणि गर्दीचे फुगवलेले आकडे यांविरुद्ध आपसांत नियम ठरवले. आजच्या सुवार्तासभांच्या अहवालांना शेवटचा नियम फार लागू पडतो.

महाराष्ट्राजवळ पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. 1889 साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आले. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून तिथे येऊन बसत. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, अशा आक्षेपावरून 1893 साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक मुली काढून नेण्यात आल्या. दार लावून घेतले असते तर वाद टळला असता. रमाबाईंनी ते लावले नाही. सदनाला मदत करणाऱ्या बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचे वार्षिक अहवाल छापले जात. असोसिएशनने कबूल केलेली दहा वर्षांची मदत संपत आली, तेव्हा 1898 साली रमाबाई स्वतः अमेरिकेला जाऊन देणगीदारांसमोर उभ्या राहिल्या.