अपुऱ्या चित्रपटाची मजुरी



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कार्टूनपटांवर बोलायला उभे राहिलो म्हणून आपण हसाल. खुशाल हसा. पण खरे सांगतो, पुरे झालेल्या कार्टूनपटांपेक्षा अपुऱ्या राहिलेल्यांचे वेड आम्हाला अधिक.

लंडनच्या रिचर्ड विल्यम्स यांचेच पाहा. ‘द थीफ अँड द कॉबलर’ हा कार्टूनपट त्यांनी १९६४ साली हाती घेतला. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटींना वापरून पुष्कळजण निम्मे श्रम वाचवितात. विल्यम्स बहुतेक ठिकाणी दर चौकटीला नवे चित्र काढीत. १९४१ च्या डिस्ने चित्रशाळेतील संपाचे एक पुढारी आर्ट बॅबिट हेही त्यांच्याकडे राबले. म्हणजे हा आमच्या बिरादरीचाच चित्रपट!

पण मुदत टळली. १९९२ च्या मे महिन्यात, काम पुरे होण्याची हमी घेतलेल्या कंपनीने तो काढून घेतला. दुसऱ्यांनी कापून, गाणी घालून १९९३ साली तो बाजारात आणला. पैसा ज्याचा, सत्ता त्याची, असे कोणी म्हणेल. विलंब झाला, हे आम्हीही नाकारीत नाही. पण अठ्ठावीस वर्षे झिजलेल्या हातांना काहीच शब्द नसावा?

तो शब्द रसिकांनी राखला. २००६ साली एका चाहत्याने मिळतील ते तुकडे, कच्ची रेखाटनेसुद्धा, जोडून मूळ बेताजवळचा चित्रपट उभा केला. त्यात मध्येच रंग जातो आणि नुसती पेन्सिलीची रेघ उरते. आम्हाला तीच रेघ प्यारी. तिथे काम करणारा हात दिसतो.