बाळंतपणातही दुजाभाव



२०१७ च्या कायदादुरुस्तीने कारखान्यात, कचेरीत नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. चांगलेच झाले. आमची मायबहीण मात्र दिवस भरत आले तरी खुरपते; तिने रजा मागायची कोणाकडे? अशी रजा नसलेल्या प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपये द्यायचे, असे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कबूल केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेत आले ५०००, तेही पहिल्याच बाळंतपणाला. २०२२ पासून दुसऱ्याला ६०००, पण मुलगी झाली तरच! मुलगा झाला तर आईची झीज कमी होते काय?

आम्ही भीक मागत नाही. बुडालेल्या मजुरीचा मोबदला मागतो. सरकारने आपलाच कायदा पाळावा.